स्वस्तातली छर्ऱ्याची रायफल आणि दुर्बीण: कोठ्यातल्या घुशी आणि टार्गेट प्रॅक्टिस, दोन्हीसाठी कोणती घ्यावी?

दारव्हेकर_पोरगा

राम राम मंडळी. मी दारव्हा तालुक्यातला, जिल्हा यवतमाळ. अकरा एकर वावर, कापूस, तूर, सोयाबीन. छर्ऱ्याची रायफल घ्यायची आहे आणि घरात कोणालाच त्यातलं काही कळत नाही, म्हणून इथं विचारतो.

कोठ्याला लागून टिनाची खोली आहे. भाव येईल म्हणून तुरीचे सतरा कट्टे तिथं ठेवले होते. परवा हलवायला गेलो तर सहा कट्ट्यांना खालून भोकं. कट्टा उचलला की तुरीची धार लागते. घुशी एवढ्या मोठ्या झाल्या आहेत की मांजर बाजूनं निघून जाते. औषध ठेवून पाहिलं, पण कुत्रा आहे, कोंबड्या आहेत, आणि एकदा मेलेला उंदीर बैलाच्या कुटारात निघाला तेव्हापासून आई औषधाला हात लावू देत नाही.

दुसरं म्हणजे धाकटी बहीण. अकरावीला आहे, एनसीसीत. कॅम्पमध्ये तिनं पॉइंट टू-टू रायफल चालवली, पाच गोळ्या. घरी आल्यावर ते टार्गेटचं कागद तिनं भिंतीला लावून ठेवलं आहे. तिला हे शिकायचं आहे आणि मला तिला शिकू द्यायचं आहे.

रायफल आणि दुर्बीण मिळून पंधरा हजार जमतात. दुकानदार म्हणतो, ३-९x४० ची (तीन ते नऊ पट, ४० मिमी भिंगाची) मोठी दुर्बीण लावा, पन्नास मीटरवरचं उडवाल. खरं आहे का? लायसन लागतं का? आणि शेजारचे काका विचारतात की त्यानं रानडुक्कर पडेल का. हरभऱ्यात रोज जागल करून ते बेजार झाले आहेत.

संत्राबागवाला (वरुड)

भाऊ, लायसनचं पयले सांगतो, कारन त्याच्यात लोकायचा लय घोळ होते. नळीचा बोर ०.१७७ इंच, म्हंजे ४.५ मिमी, आन् ताकद २० ज्यूलच्या आत, अशा एअर रायफलले लायसन लागत नाई. २०१६ च्या शस्त्र नियमात तसं हाय. ०.२२ ची एअर रायफल दिसाले तशीच दिसते, पन तिले लायसन लागते. कोनी म्हनलं का "इकडून मागवून देतो, कोनी विचारत नाई", तर घेऊ नको. दुकानातूनच घे, आधारची झेरॉक्स दे, पक्कं बिल घे आन् ते बिल सातबाऱ्यासंगं ठेव. बिलावर बोर लिहून घेजो.

आन् गावातून खांद्यावर टाकून फिरू नको. थैलीत न्यायची, थैलीत आनायची. लोकाले छर्ऱ्याची का खरी, समजत नाई.

झुडपी_जंगल (मूल, चंद्रपूर)

काकांच्या प्रश्नावर मी थोडं लांब लिहितो, कारण आमच्या भागात हा विषय रोजचा आहे.

छर्ऱ्याच्या रायफलीनं रानडुक्कर पडत नाही. छर्रा अर्ध्या ग्रॅमचा. डुकराच्या खांद्यावरची कातडी आणि चरबी ओलांडून तो आत पोचत नाही. कानाशी, डोळ्याशी लागला तर जनावर चिडतं आणि जखमी होऊन जवळच्याच तुरीत शिरून बसतं. सकाळी तिथं बाया कापूस वेचायला येतात. मी जखमी डुकरानं फाडलेली मांडी पाहिली आहे, ती बाई अजून नीट चालत नाही. काकांना हे जरूर सांगा.

कायद्याचं म्हणाल तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची दोनमध्ये आहे. विनापरवाना मारलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मोर अनुसूची एकमध्ये, तिथं शिक्षा आणखी कडक. पोपट, ससा, तितर, कशावरच छर्रा चालवायचा नाही. "पाखरं हाकलायला एक मारला" असं म्हणून सुटका होत नाही.

पण कायद्यात शेतकऱ्यासाठी वाटच नाही असंही नाही. त्याच कायद्याच्या कलम ११ खाली, उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. ते काम मग परवान्याच्या खऱ्या बंदुकीनं, माहीतगार माणसाकडून होतं. पीक राखणीसाठी भरमार (तोंडाकडून दारू भरायच्या) बंदुकीच्या लायसनची तरतूद शस्त्र कायद्यात पहिल्यापासून आहे. काकांनी आधी वन विभागाकडे नुकसानीचा अर्ज करावा, पंचनामा करून घ्यावा, भरपाई मिळते. आणि धुऱ्यावर सौर कुंपणाची झटका मशीन लावावी. खांबावरची लाईन थेट तारेत सोडणाऱ्यांचं मात्र ऐकू नका. दरवर्षी त्यात माणसं जातात, बहुतेक वेळा शेजारच्याच घरची.

घुशी-उंदीर मारायला कायद्याची आडकाठी नाही. रायफल तेवढ्यापुरती ठेवा.

निवृत्त_सुभेदार (चिखली)

बाळा, तुझ्या बहिणीचं वाचून बरं वाटलं. चोवीस वर्षं पायदळात होतो, त्यातली सात फायरिंग शिकवण्यात गेली. घरी नातवासाठी स्प्रिंगची एअर रायफल आणली आहे, म्हणून या विषयावर हक्कानं लिहितो.

पंधरा हजारांत मोठा भाग रायफलीवर घाल. दुर्बीण नंतर घेता येते, नळी नंतर बदलता येत नाही.

तुझ्या पैशात स्प्रिंगची, नळी मोडून भरायची रायफल बसते. दुकानात गेलास की नळीतून उजेडाकडे बघ. आत आटे स्वच्छ, गोल फिरत गेलेले दिसले पाहिजेत. आटे नसलेल्या नळीतून छर्रा फिरकी घेत नाही आणि दहा मीटरवर तळहाताएवढं पसरतो. मग नळी मोडून परत बंद कर आणि टोकाला धरून आडवी हलवून पाहा. सांध्यात खडखड नको. चाप तीन-चार वेळा दाबून पाहायचा मोह होईल, पण रिकामी स्प्रिंग रायफल सोडू नकोस. पुढे छर्रा नसला तर हवेची उशी मिळत नाही आणि पिस्टन जाऊन धातूवर आदळतो. दुकानदार स्वतः असं करून दाखवत असेल तर तो नग घेऊ नकोस.

आणि बहिणीला सोबत ने. तिला ती नळी स्वतःच्या हातानं मोडता आली पाहिजे. जाहिरातीत हजार फूट वेगाची रायफल घेतलीस आणि दर छर्ऱ्याला तू भरून द्यायला उभा राहिलास तर ती महिनाभरात सोडून देईल. त्या वेगाच्या आकड्याला तसाही अर्थ कमी. तो हलक्या छर्ऱ्यावर काढलेला असतो. नेहमीचा ७.९ ग्रेनचा, म्हणजे साधारण अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २५० मीटरनं निघाला तर ताकद १६ ज्यूलच्या आसपास येते. घुशीला ती पुरून उरते. कागदाला तर त्याच्या निम्मीही चालते.

आपल्या महाराष्ट्रातल्या प्रीसिहोल कंपनीची स्प्रिंगची रायफल माझ्याकडे आहे. नातवानं पाच हजारांवर छर्रे मारले असतील, एकदा सील बदललं. याहून स्वस्त रायफलीही मिळतात, त्यातल्या काही चांगल्या निघतात, पण नग-नग पाहून घ्यावा लागतो.

आता धरण्याबद्दल. सैन्यात आम्ही रायफल खांद्यात घट्ट ओढून धरायला शिकवतो. स्प्रिंगच्या एअर रायफलीला ते चालत नाही. पिस्टन सुटला की ती आधी मागे येते आणि छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत पुढे धक्का देते. तू तिला आवळलंस तर दर वेळी वेगळी उडी मारेल. डावा तळहात सपाट उघडा ठेवायचा, तिचा तोल जिथं सांभाळतो तिथं ती नुसती टेकवायची, बोटांनी पकडायची नाही. गाल हलका. पहिले दोन दिवस छर्रे कुठंही जातील, तिसऱ्या दिवशी एका जागी यायला लागतील.

छर्रे तीन-चार जातींचे, एकेक डबी आण. चपट्या तोंडाचे कागदाला गोल स्वच्छ भोक पाडतात, गोल तोंडाचे लांबवर सरळ जातात. कोणत्या नळीला कोणता मानवेल हे आधी सांगता येत नाही. पोत्यावर रायफल टेकवून प्रत्येकाचे दहा-दहा मार आणि कागद तारीख टाकून जपून ठेव. नवीन रायफलीचे पहिले तीन-चारशे छर्रे हिशेबात धरू नकोस, तोवर आतलं ग्रीस जळत असतं आणि वासही येतो. आत तेल मात्र टाकायचं नाही. दाबानं ते पेटतं, आवाज मोठा येतो, पोरांना वाटतं ताकद वाढली, आणि सील फाटतं.

दारव्हेकर_पोरगा

सुभेदार साहेब, तुमची पोस्ट आई-बाबांना वाचून दाखवली. बाबा म्हणाले, हाच माणूस आधी भेटला असता तर बरं झालं असतं.

म्हणजे दुर्बीण नकोच का? संध्याकाळी खोलीत उजेड कमी असतो, उघड्या साईटनं घूस नीट दिसणार नाही असं वाटतं.

चष्मेवाला (अकोट)

दुर्बिणीचं मी सांगतो. माझं चष्म्याचं दुकान आहे, भिंगांशी रोजचा संबंध, आणि एक दुर्बीण फुकट घालवून शिकलेला आहे.

मी घेतली ती मोठी, काळी, दिसायला देखणी. एका दुकानदारानं ती "खऱ्या रायफलीची" म्हणून दिली. दोन महिन्यांत आतली फुली तिरकी झाली आणि रोज नेम वेगळा लागायला लागला. कारण सुभेदार साहेबांनी वर लिहिलंच आहे. खऱ्या बंदुकीचा धक्का फक्त मागे असतो, तिच्या दुर्बिणीतली भिंगं तेवढ्याच बाजूनं अडवलेली असतात. स्प्रिंगची रायफल पुढेही धक्का देते. तेव्हा "स्प्रिंग एअरगनसाठी" असं स्पष्ट लिहिलेलीच घ्यावी.

दुसरी अडचण अंतराची. पुष्कळ दुर्बिणी शंभर यार्डांवर जुळवलेल्या येतात. तू दहा मीटरवरची घूस पाहणार. चित्र धूसर दिसेल, आणि त्याहून वाईट म्हणजे डोळा जरा इकडेतिकडे झाला की फुली घुशीच्या अंगावरून सरकेल. घरी तपासायचं असेल तर रायफल पोत्यावर पक्की ठेव, हात न लावता डोळा वर-खाली कर. फुली टार्गेटवरून हलली तर हाच दोष. यावर इलाज म्हणजे पुढच्या भिंगाची कडी फिरवून अंतर जुळवता येणारी दुर्बीण, कडीवर दहा मीटर किंवा दहा यार्डाची खूण असलेली.

तीन ते नऊ पटीची गरज नाही. दहा मीटरवर नऊ पट म्हणजे घुशीचा कान दिसेल आणि घूस कुठं आहे ते कळणार नाही. शिवाय पट वाढवला की उजेड कमी होतो, तुझ्या खोलीत आधीच कमी आहे. चार पट, ३२ मिमी भिंग, अंतर जुळवायची कडी, एवढं पुरे. माउंट ११ मिमीच्या खाचेचं, आणि त्याच्या मागे अडसर लाव, नाहीतर दर पन्नास छर्ऱ्यांनी दुर्बीण मागे सरकते.

तुमसरचा_हौशी

माझं मत वेगळं आहे. स्प्रिंगचे लाड करण्यापेक्षा सहा महिने थांबा, पैसे जमवा आणि पीसीपी घ्या. टाकीत हवा भरलेली असते, धक्का जवळपास नाही, कशीही धरा, छर्रा एकाच भोकात. प्रीसिहोलचीच पीएक्स१०० आहे.

निवृत्त_सुभेदार (चिखली)

पीसीपी उत्तम, वाद नाही. पण किंमत दुप्पट-तिप्पट, वर २०० बारपर्यंत भरायचा हातपंप वेगळा. तो पंप मारताना माझाच दम निघतो. टाकीचा वॉल्व्ह बिघडला तर दारव्ह्यात कोण उघडणार? स्प्रिंग रायफलीचं सील गावातला हुशार फिटर बदलतो, फक्त स्प्रिंग दाबून धरायचा शिकंजा हवा. आणि स्प्रिंगवर हात बसलेलं पोरगं पुढे कोणत्याही रायफलीवर बसतं.

नेमबाजाची_आई (अमरावती)

बहिणीबद्दल लिहिते. माझी मुलगी चार वर्षांपासून दहा मीटर एअर रायफल खेळते.

तिला स्पर्धेत उतरायचं असेल तर दुर्बिणीची सवय लावू नका. दहा मीटरच्या स्पर्धेत रायफलीवर दुर्बीण चालतच नाही. मोठ्या स्पर्धांत मागे बारीक छिद्राची पीप साईट आणि पुढे गोल कडी असते. आपल्याकडे जिल्हा आणि राज्य पातळीवर ओपन साईटचा वेगळा प्रकारही होतो, त्यात साध्या खाचेच्या साईटनं मारतात. गावातून येणारी बहुतेक मुलं तिथूनच सुरुवात करतात, कारण मॅच रायफल लाखांत जाते.

टार्गेटचा काळा गोळा ३०.५ मिमीचा असतो, दहाच्या नाण्याहून थोडा मोठा. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. छर्रा स्वतःच ४.५ मिमीचा, म्हणजे ठिपका छर्ऱ्याखाली पूर्ण झाकला जातो. माझ्या मुलीला पहिल्या दिवशी हे सांगितलं तेव्हा ती रडकुंडीला आली. आता ती साठ छर्रे मारून येते आणि कोणता कुठं गेला ते कागद न पाहता सांगते. सुरुवातीला तिच्या सरांनी दोन महिने छर्रा दिलाच नाही. रायफल धरून उभं राहायचं, पांढऱ्या भिंतीकडे साईट लावायची, श्वास सोडायचा, दहा मोजायचं, खाली ठेवायची. मला तेव्हा वाटायचं, फी कशाची देतो आहोत? पण तिचे खांदे त्यातूनच तयार झाले.

स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. २०२४ ला पॅरिसमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य आणलं, तेही दुर्बिणीशिवाय. तुमच्या बहिणीला त्याचा व्हिडिओ दाखवा, हात बघायला सांगा.

म्हणून रायफल अशी घ्या जिच्यावर मूळच्या उघड्या साईट आहेत. काही मॉडेलवर त्या नसतातच, फक्त दुर्बिणीची खाच असते. तुम्ही घुशीसाठी दुर्बीण लावा, तिच्या सरावाला काढून ठेवा.

वावरातला_मास्तर (आर्वी)

क्रीडा शिक्षक आहे. सगळ्यांनी छान लिहिलं, पण टार्गेटच्या मागे काय आहे ते कोणी विचारलं नाही.

०.१७७ चा छर्रा वर तिरका सुटला तर तीनशे मीटरपर्यंत जाऊ शकतो. टिनाच्या खोलीत मारणार असशील तर जपून, टिनावरून तो परत येतो. दगडी जोत्यावरूनही येतो, सागाच्या वाळलेल्या खांबावरूनही. बारदानात जुने कपडे, चिंध्या ठासून भर, घट्ट शिवून घे, मागे फळी लाव, आणि ते सगळं मातीच्या भिंतीला टेकव. टार्गेट त्यावर. आमच्या शाळेत एक पोतं वर्षभर टिकतं. चिंध्या उसवून शिसं बाहेर काढायचं, पोरांच्या किंवा कोंबड्यांच्या पायाखाली राहू द्यायचं नाही. छर्रे हाताळल्यावर साबणानं हात धुवूनच जेवायला बसायचं. छर्रा तोंडात धरायची सवय काहींना असते, ती पहिल्याच दिवशी मोडावी.

डोळ्यांना चष्मा हवाच. मोटारसायकलचा पारदर्शक गॉगल चालतो. आणि नळी मोडून छर्रा ठेवताना दुसऱ्या हातानं नळी धरूनच ठेवायची. चाप चुकून सुटला तर नळी चाकूसारखी वर येते. एका मुलाचं बोट त्यात गेलेलं मी दवाखान्यात नेलं आहे.

दारव्हेकर_पोरगा

उशिरा लिहितो, सोंगणी चालू होती.

बहिणीला घेऊन यवतमाळला गेलो. तिनं तीन रायफली स्वतः मोडून पाहिल्या आणि प्रीसिहोलची स्प्रिंगची निवडली. उघड्या साईट आहेत, आटे पाहिले, बिलावर ०.१७७ लिहून घेतलं. चार पट ३२ ची, अंतराची कडी असलेली दुर्बीण आणि तीन प्रकारचे छर्रे. सगळं मिळून बजेटच्या बाराशे वर गेलं, ते आईनं दुधाच्या पैशातून दिले.

आता एक अडचण. दुर्बीण लावली, दहा मीटरवर छर्रे दोन सेंटीमीटर डावीकडे लागतात. नेम सरकवायची चकती चार क्लिक उजवीकडे फिरवली, काहीच फरक नाही. दुर्बीण खराब निघाली का?

चष्मेवाला (अकोट)

खराब नाही. तुझ्या दुर्बिणीवर पाव एमओए लिहिलं असेल, एमओए म्हणजे कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग. ते शंभर मीटरवर एका क्लिकला सात मिलिमीटर सरकवतं. दहा मीटरवर त्याचा दहावा भाग, जेमतेम पाऊण मिलिमीटरही नाही. चार क्लिक म्हणजे तीन मिलिमीटर, ते तुला दिसणारच नाहीत. दोन सेंटीमीटरसाठी सत्तावीस-अठ्ठावीस क्लिक दे. मोजत फिरव, मध्ये दर दहाला एक छर्रा मार.

आणि एक लक्षात ठेव. दुर्बीण नळीच्या चार-साडेचार सेंटीमीटर वर बसते. पुढे कधी पंचवीस मीटरवर जुळवलीस तर दहा मीटरवर छर्रा फुलीच्या एक-दीड सेंटीमीटर खाली लागेल. खोलीत मारायचं असेल तर खोलीच्याच अंतरावर जुळव.

दारव्हेकर_पोरगा

सव्वीस क्लिकला बसला!

घुशींचं सांगतो. मास्तरांनी सांगितल्यावर खोलीत मारायचं सोडून दिलं. खोलीच्या मागच्या बाजूला मातीची भिंत आहे, तिच्या बुडाशी घुशींचा रस्ता, रोज येऊन येऊन गुळगुळीत झालेला. तिथं मूठभर तूर टाकली आणि नऊ मीटरवर बंडीखाली पोतं टाकून बसलो. बॅटरीला लाल प्लास्टिक लावलं. पहिल्या दोन रात्री नुसता बसून राहिलो, काही आलं नाही. तिसऱ्या रात्री दहाच्या सुमारास मिशा दिसल्या, मग डोकं, मग ती पूर्ण बाहेर येऊन दोन पायांवर बसली आणि तूर हातात धरून खायला लागली. कानामागे फुली ठेवली. जागेवर पडली, तडफडली नाही. आठवड्यात सात झाल्या. एकदा धामण त्याच रस्त्यानं आली, तिला जाऊ दिलं. तिचं काम माझ्याहून चांगलं आहे. कट्टे आता विटांवर फळ्या टाकून उचलून ठेवले आहेत, तेही करायलाच हवं होतं.

काकांनी वन विभागात अर्ज दिला. पंचनामा झाला. झटका मशीनसाठी आम्ही दोघं मिळून पैसे घालतो आहोत, धुरा एकच आहे.

बहिणीचं टार्गेट पाहा, फोटो टाकला आहे. उघड्या साईटनं, उभं राहून, पाच छर्रे. चार काळ्यात आहेत. बारीक वाटतील असे आहेत, पण आहेत.

निवृत्त_सुभेदार (चिखली)

फोटो मोठा करून पाहिला. चारही खाली उजवीकडे आहेत, एकत्र. म्हणजे धरणं बरोबर आहे, चाप ओढताना मनगट दाबते आहे. बोटाचं पहिलं पेर वापरायला सांग. पाचवा कशामुळे गेला ते तिला विचार, तिला माहीत असेल.

दारव्हेकर_पोरगा

विचारलं. म्हणाली, तेव्हा बैल हंबरला.

नेमबाजाची_आई (अमरावती)

माझ्या मुलीचं पहिलं नेमबाजीचं जॅकेट तिला लहान झालं आहे, कपाटात नुसतं पडून आहे. कॅनव्हासचं आहे, कोपराला रबर थोडं झिजलं आहे, बाकी चांगलं. बहिणीच्या छातीचं आणि हाताचं माप घेऊन इथंच निरोपात पाठवा. बसत असेल तर मी दारव्ह्याच्या एसटीत ठेवून देते.